भांड्यांची पेटी

शनिवारी सात वाजता लाल दिवा लागतो
आणि आमचं गाव तीन डोंगर ओलांडून जातं.
वेस्ट व्हर्जिनियात डोंगर असे खेटून उभे
की शेजारच्या खोऱ्यातला माणूस आधी रेडिओवर भेटतो, मग कधीतरी लग्नात.
पूर्वी इथे घोड्यांचा चारा विकायचे.
अजूनही पडदा हलला की भुशाचा वास येतो
आणि फिडल लावता लावता एस्टिल एकदा तरी शिंकतो.
नाही शिंकला तर लोक फोन करतात.

माझी जागा टेबलामागे.
चालणं म्हणजे ट्रेमधली खडी.
बर्फातलं चालणं म्हणजे मक्याच्या पिठाची पुरचुंडी, मुठीत दाबलेली.
दार म्हणजे चौकटीसकट खरंखुरं दार, कुठेच न उघडणारं.
आणि पायाशी लाकडी पेटी:
अकरा झाकणं, दोन तवे, दांडा मोडलेलं एक पातेलं.
ती पेटी व्हर्नाची.
म्हणजे पेटी माझीच, राग व्हर्नाचा.

एकतीस वर्षं ओडेल माइकसमोर उशिरा घरी यायचा,
बूट हातात घेऊन,
(मी खडीवर नुसत्या बोटांनी चालायचे)
आणि विचारायचा, "झोपलीस का गं?"
मग मी पेटी लाथाडायचे,
मग व्हर्ना बोलायची.
दर आठवड्याला नवं. लिहून कधी आणलं नाही.
"लिहिलं तर भांडण कसलं, तो अर्ज झाला," म्हणायची.

फेब्रुवारीत ती गेली.
नऊ शनिवार ओडेल आला नाही.
त्याच्या वेळात आम्ही बँजो वाजवला,
पिठाच्या कंपनीची जाहिरात दोनदा वाचली,
एका हरवलेल्या शेळीचं वर्णन इतकं लांबवलं
की ती सापडली तेव्हा मालकच म्हणाला,
एवढी देखणी नव्हती हो माझी.

दहाव्या शनिवारी आला.
शर्टाला इस्त्री, पण एकाच बाजूला.
बूट काढून हातात घेतले.
रेडिओवर कुणाला दिसणार होते? पण घेतले.
मला वाटलं, चार शब्द बोलेल, निरोप घेईल.
तो म्हणाला, "झोपलीस का गं?"
आणि थांबला.

रेडिओत गप्प बसणं परवडत नाही.
चार सेकंद झाली की काचेमागचं यंत्र समजतं, हे मेले,
आणि आपलं आपण ऑर्गनची जुनी तबकडी लावतं.
हॉबर्टने काचेमागून बोटं वर केली. एक. दोन.
दीडशे माणसं बसलेली, एक खुर्ची करकरली नाही.
तीन.
मग त्याने हात खाली घेतला, आणि मला दिसलं,
दुसऱ्या मुठीत यंत्राची वायर होती, उपटलेली.

ओडेल माझ्याकडे बघत नव्हता.
दाराकडे बघत होता, त्या कुठेच न उघडणाऱ्या.

संसार म्हटला की भांड्याला भांडं लागायचंच.
मी पेटी लाथाडली.

झाकणं, तवे, पातेलं, सगळं स्टेजवर.
एक झाकण सुटलं ते गोल गोल,
फिरत राहिलं, बारीक होत, किणकिणत,
उचलायला कुणी धजेना,
आणि ते आडवं झालं तेव्हा
ओडेल म्हणाला, "बरं बाई. चुकलं माझं."

असा हशा मी ह्या चाऱ्याच्या दुकानात ऐकला नव्हता.
लोक डोळे पुसायचे आणि पुन्हा हसायचे,
कारण ती काय म्हणाली ते प्रत्येकाला ऐकू आलं होतं,
प्रत्येकाला वेगळं.

एस्टिल शिंकला.
मग गाणं सुरू झालं, जरा वरच्याच पट्टीत;
खाली आणायला वेळ नव्हता.

नंतर गुडघ्यांवर बसून मी झाकणं वेचली.
दहाच भरली.
फोन वाजत होता. खोऱ्याच्या टोकावरच्या मिसेस टकेट.
म्हणाल्या, "तिला सांग, आज जरा जास्तच बोलली.
पण चूक त्याचीच होती."
मी म्हटलं, सांगते.